पुलित्झर मिळाले, मग दार उघडले

२०१० च्या सुमारास आयफोनवर अ‍ॅप पोहोचवायचे तर अ‍ॅप स्टोअर हा एकच अधिकृत रस्ता होता. तिथले नियमही अ‍ॅपलचे आणि न्यायाधीशही अ‍ॅपलच. अमेरिकन व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांचे ‘न्यूजटून्स’ डिसेंबर २००९ मध्ये नाकारले गेले. कारण काय, तर त्यात सार्वजनिक व्यक्तींची खिल्ली उडवली आहे! व्यंगचित्रकाराने दुसरे काय करायचे असते? एप्रिल २०१० मध्ये त्यांना पुलित्झर मिळाले, बातमी गाजली आणि त्याच कंपनीने अ‍ॅप पुन्हा पाठवायला सांगितले. मंजूरही केले.

आम्ही विचारतो, ज्याच्याकडे पुरस्कार नाही त्याने दाद कुठे मागायची? काँगोच्या खाणींतली बालमजुरी आणि चीनमधल्या कारखान्यातल्या कामगारांच्या आत्महत्या दाखवणारा ‘फोन स्टोरी’ हा गेम सप्टेंबर २०११ मध्ये मंजुरीनंतर काही दिवसांतच हटवला गेला.