प्रकाशाहून वेगवान काही असू शकते काय?

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग सर्व निरीक्षकांना सारखाच आढळतो. तो सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर इतका आहे. वस्तुमान असलेल्या कोणत्याही पदार्थाला हा वेग गाठता येत नाही. कारण त्यासाठी अमर्याद ऊर्जा लागेल. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रचंड ऊर्जा मिळालेले प्रोटॉनही प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे ३ मीटर मागेच राहतात.

या मर्यादेवर कार्यकारणभाव अवलंबून आहे. प्रकाशाहून वेगाने संदेश पाठविता आला, तर काही निरीक्षकांच्या दृष्टीने तो पाठविण्यापूर्वीच पोहोचलेला असेल. म्हणजेच कारणाआधी परिणाम घडेल.

मर्यादेचा भंग भासविणारी उदाहरणे मात्र आहेत. चंद्रावर रोखलेला लेसरचा झोत झपाट्याने फिरविला, तर तेथील ठिपका प्रकाशाहून वेगाने सरकू शकतो. परंतु चंद्रावरील एका जागेहून दुसऱ्या जागी त्यायोगे ना पदार्थ जातो, ना संदेश. अतिदूरच्या दीर्घिका प्रकाशवेगाहून अधिक वेगाने दुरावतात, त्याचे कारण अवकाशाचे प्रसरण हे होय. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर असतो. विद्युतभारित कण तेथे त्याला मागे टाकतात, तेव्हा निळसर चेरेन्कोव्ह प्रारण उमटते. ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये कार्यान्वित झालेल्या अणुभट्टीला पंडित नेहरूंनी ‘अप्सरा’ हे नाव या निळ्या आभेवरूनच दिले, असे सांगितले जाते.

सिद्धांताच्या चौकटीत आणखी एक शक्यता उरते. बिलानियुक, देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६२ मध्ये असे दाखविले, की प्रकाशाचा वेग ओलांडणे अशक्य असले, तरी मुळातच त्यापलीकडे असणाऱ्या कणांना गणिताचा अटकाव नाही. जेराल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये अशा कणांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिले. असा कण आजवर आढळलेला नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये मात्र खळबळ उडाली. सर्नहून सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे ‘ऑपेरा’ प्रयोगगटाने जाहीर केले. शास्त्रज्ञांनी १९८७ च्या अतिनवताऱ्याचा दाखला दिला. न्यूट्रिनो सर्वत्र याच प्रमाणात वेगवान असते, तर सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवरून आलेले ते न्यूट्रिनो प्रकाशाच्या जवळजवळ चार वर्षे आधी पोहोचले असते. प्रत्यक्षात ते काही तासच आधी आले. कारण प्रकाशाला ताऱ्याच्या अंतर्भागातून बाहेर पडण्यास विलंब लागला. अखेर २०१२ मध्ये ऑपेराच्या कालमापन यंत्रणेतील प्रकाशतंतूची जोडणी सैल असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी झालेल्या फेरमोजणीत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशवेगाहून अधिक आढळला नाही. आइन्स्टाइन यांनी घालून दिलेली मर्यादा अद्याप अबाधित आहे.