मॉड्युलर स्टेप सिक्वेन्सर म्हणजे काय? व्हीसीव्ही रॅकमध्ये पहिला लूप असा बनवा

मागच्या वर्षी मी एका ट्रेकचा व्हिडिओ टाकला आणि दोन तासांत त्यावर कॉपीराइट क्लेम आला. मागे लावलेली धून मी 'फ्री म्युझिक' म्हणून डाउनलोड केली होती! तेव्हाच ठरवलं, यापुढे म्युझिक आपलं आपणच बनवायचं. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. पण स्टेप सिक्वेन्सरसाठी ते यावं लागतही नाही.

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे काय?

एका ओळीत ठरावीक घरं असतात. प्रत्येक घरात एक सूर ठेवायचा. सॉफ्टवेअर ठोक्याबरोबर एकेक घर पुढे सरकतं आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्यावर येतं. तालाचं आवर्तन जसं समेवर परत येतं, अगदी तसंच. १९८० मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर अशी १६ बटणं होती.

'मॉड्युलर' म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळं मॉड्युल, आणि ती मॉड्युल्स आपण वायरने जोडायची. व्हीसीव्ही रॅक हे असंच सॉफ्टवेअर २०१७ मध्ये आलं. त्याची ओपन सोर्स आवृत्ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मोफत चालते.

जोडणी कशी करायची?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सिक्वेन्सर स्वतः आवाज काढत नाही. तो फक्त सांगतो, कोणता सूर आणि कधी. हे मला माहीत नव्हतं, म्हणून पहिली अख्खी संध्याकाळ मी शांतता ऐकत बसलो.

१. सूर: 'सेक्-३' मॉड्युलचं 'सीव्ही १' आउटपुट क्वांटायझरला आणि तिथून व्हीसीओच्या 'व्होल्ट पर ऑक्टेव्ह' इनपुटला जोडा. इथे १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. क्वांटायझर नसेल तर सूर बेसूर लागतात.
२. वेळ: 'ट्रिग' आउटपुट एडीएसआरच्या गेटला आणि एडीएसआरचं आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला जोडा.
३. आवाज: व्हीसीओ ते व्हीसीए, व्हीसीए ते ऑडिओ मॉड्युल. ऑडिओ मॉड्युलमध्ये तुमचा स्पीकर निवडायला विसरू नका.

हेडफोन लावण्याआधी आवाज कमी ठेवा. आणि ज्या घराचा दिवा बंद असेल, ते घर वाजत नाही.

आता खरी गंमत

'स्टेप्स'चं बटण फिरवून ८ वर ठेवा, केरव्याच्या ८ मात्रा मिळतील. ७ वर आणा, रूपक झाला! ३-२-२ असे भाग पाडून प्रत्येक भागाच्या पहिल्या घरात वरचा सूर ठेवून बघा. मग ८ घरांचा दुसरा सिक्वेन्सर त्याच क्लॉकला जोडा. दोघे एकदम सुरू झाले तर पुन्हा एकत्र पहिल्या घरावर ५६ स्टेप्सनंतरच येतात. १२० बीपीएमला, दर ठोक्याला एक स्टेप धरली तर पूर्ण २८ सेकंद. एवढ्याशा जोडणीतून माझ्या पुढच्या व्हिडिओचं म्युझिक तयार झालं.

फोनवर चालतं का?

व्हीसीव्ही रॅकला कॉम्प्युटरच लागतो. फोनवर शिकायचं असेल तर सनव्हॉक्स हे मॉड्युलर ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. त्यात सूर वरून खाली ओळींमध्ये लिहितात. दिसायला वेगळं असलं तरी विचार तोच: कोणता सूर, कधी आणि कोणत्या आवाजात. आज फक्त चार घरांपासून सुरुवात करा.