इथून कधी सुटणार?

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा ३४ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. गेल्या रविवारी चहा पिताना काकू म्हणाल्या, "अरे, माझ्यानंतर ह्याला सांभाळतील अशी एखादी चांगली संस्था शोधून दे ना." शोधता शोधता मी पोचलो थेट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात!

तिथे अटलांटाच्या सरकारी मनोरुग्णालयात लॉइस कर्टिस नावाची तरुणी होती. बौद्धिक अपंगत्व आणि जोडीला स्किझोफ्रेनिया. मे १९९२ मध्ये ती दाखल झाली. वर्षभरात डॉक्टरच म्हणाले, हिला बाहेर, चार माणसांत राहता येईल. तरी ती आतच. फेब्रुवारी १९९६ पर्यंत! 'इथून कधी सुटणार?' असं ती वकिलांना फोन करून विचारायची. १९९५ मध्ये दावा दाखल झाला. इलेन विल्सन नंतर त्यात सामील झाली. तिला तर रुग्णालय बेघरांच्या निवाऱ्यात धाडायला निघालं होतं. वकिलाच्या तक्रारीमुळे ते टळलं.

राज्याचं म्हणणं काय, तर पैसे नाहीत. आता गंमत बघा. संस्थेत ठेवायला सरकारी पैसा मिळायचाच. घरी मदतनीस द्यायला १९८१ पासून मेडिकेडमध्ये खास सवलत होती, पण तिच्या जागा मोजक्या. म्हणजे संस्था हे डिफॉल्ट सेटिंग आणि घर हा अपवाद.

२२ जून १९९९ रोजी सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की विनाकारण संस्थेत डांबणं हा भेदभावच आहे. अटी तीन: तज्ज्ञांचा होकार, त्या व्यक्तीची हरकत नसणं, आणि राज्याला झेपणं. ह्या तिसऱ्या अटीमुळे सगळं लगेच बदललं नाही. घरच्या मदतीसाठी आजही तिथे लाखो लोक रांगेत आहेत. लॉइस मात्र बाहेर राहिली, चित्रं काढू लागली. २०११ मध्ये तिने व्हाइट हाउसमध्ये ओबामांना आपलं चित्र भेट दिलं. २०२२ मध्ये ती गेली.

योगायोग म्हणजे आपला राष्ट्रीय न्यास कायदाही १९९९ चाच. आईवडिलांनंतर काय, ह्याच काळजीतून आलेला. जिल्ह्याची स्थानिक समिती त्याखाली पालक नेमते. २०१६ च्या कायद्यात तर समाजात राहण्याचा हक्कच लिहिलाय. पण रोज सकाळी दार उघडून येणारा मदतनीस नुसत्या कायद्याने येत नाही.

असो. काकूंना समितीची माहिती देणार आहेच. पण त्याआधी त्यांच्या मुलालाच विचारणार आहे, "तुला कुठे राहायचंय रे?" इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नाही. मीसुद्धा.