बसून राहण्याची नोकरी

ज्या नोकरींत काम थोडें, तिचा आपणांस हेवा वाटतो. परंतु बसून पगार घेणाऱ्याचा दिवस कसा जातो, याची चौकशी कोणी करीत नाहीं. आज त्या दिवसाचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

रिकामपण वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांना नवें नव्हतें. पेरणी व काढणी यांच्यामध्यें शेतकऱ्यास सवड मिळे. पण ती त्याची स्वतःची असे. त्यानें दोर वळावा, जत्रेस जावें, नाहीं तर पारावर बसावें. १८६७ सालीं रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. पुढें हिंगणघाट, पुलगांव, आर्वी येथें जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. हे कारखाने कापसाच्या हंगामापुरतेच चालत. हंगाम सरला कीं मजूर घरीं जात. कायम नेमलेला कारकून आणि चौकीदार मात्र बंद यंत्रांपाशीं बसून राहत. १९१७ सालीं पुलगांव-आर्वी हा सुमारें ३५ किलोमीटरांचा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. तेथें गाड्या मोजक्याच. दोन गाड्यांमधला सारा वेळ स्टेशनावरील नोकरानें तेथेंच काढावयाचा. सवड होती, पण उठून जाण्याची मुभा नव्हती.

रिकाम्या हातांचा विचार पुढें याच जिल्ह्यांत झाला. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३७ च्या ऑक्टोबरांत येथेंच शिक्षणपरिषद भरून मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना पुढें आली. टकळी खिशांत मावते, कोठेंही चालते. तथापि ती यंत्रवत् फिरवूं नये, प्रत्येक क्रियेचें कारण शिकणाऱ्यास कळावें, असा गांधीजींचा आग्रह होता.

या आग्रहाचें मोल एका जुन्या अनुभवावरून ध्यानांत येतें. १९२४ च्या बेळगांव काँग्रेसनें सभासदांस दरमहा २,००० वार सूत देण्याची अट घातली; स्वतः न कांतल्यास दुसऱ्याचें सूतही चालत असे. तरी १९२५ सालीं ती अट सैल करावी लागली. नेमून दिलेल्या सुतांतही मन रमतेंच असें नाहीं.

आज चौकीदाराच्या हातीं मोबाईल आहे. कंटाळा मात्र हटलेला नाहीं. कारण तो काम थोडें असल्यानें येत नसून, वेळ आपल्या ताब्यांत नसल्यानें येतो. म्हणून ज्यानें माणूस बसविला, त्यानें त्या वेळांत वाचण्याची, शिकण्याची, कांहीं घडविण्याची मोकळीक द्यावी. आणि घरांतील कोणी अशा नोकरीवरून शिणून आलें, तर “काम तरी काय होतें?” असें आपण त्यास विचारूं नये.