तारेचं मूळ हवेत

लॅपटॉपला वाय-फाय आहे, शेजारच्या जुन्या डेस्कटॉपला नाही. दोघांमध्ये लॅन केबल टाकायची, लॅपटॉपवर दोन्ही कनेक्शनचे आयकॉन निवडायचे आणि राइट क्लिक करून 'ब्रिज कनेक्शन्स' म्हणायचं. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये ही सोय घरच्या पीसीवर आणली. कधी ती चालते, कधी आहे तेही नेट जातं. या लहरीपणाचं कारण शोधत मागे गेलं, की आपण थेट हवाई बेटांवर पोचतो. आणि तिथे तार नव्हतीच.

हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांना बेटाबेटांवरची टर्मिनलं ओआहूवरच्या संगणकाला जोडायची होती. त्यांनी रेडिओ निवडला. १९७१ मध्ये अलोहानेट सुरू झालं. नियम साधा: बोलायचं असेल तेव्हा बोला; दोघं एकदम बोलले आणि निरोप बिघडला, तर थोडं थांबून पुन्हा बोला. बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा लेख वाचला, त्यातलं गणित त्यांना अपुरं वाटलं. ते सुधारून त्यांनी हा हवेतला नियम झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत तारेवर उतरवला. २२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी या माध्यमाला 'ईथर' म्हटलं. पदार्थविज्ञानाने कधीच मोडीत काढलेला शब्द, पण निवड चतुर होती. टिपणातल्या हातच्या चित्रात केबल-ईथर, टेलिफोन-ईथर आणि रेडिओ-ईथर एकाच कागदावर आहेत. म्हणजे तार आणि हवा यांची सोयरीक जन्मपत्रिकेतच मांडलेली होती.

लग्नाला मात्र वेळ लागला, कारण आधी तारेलाच तार जोडायची होती. 'ईथर'वरून नाव पडलेल्या या इथरनेटच्या जाड केबलचा एक तुकडा फार तर ५०० मीटरचा. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कंपनीत मार्क केम्फ यांनी दोन तुकड्यांमध्ये बसणारी पेटी तयार केली, तोच ब्रिज. चाळीच्या जिन्यात बसलेल्या गुरख्यासारखा तो कुणाला काही विचारत नाही. कोण कुठल्या बाजूने येतं तेवढं लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्या बाजूला सोडतो. मुख्य म्हणजे तो स्वतः कुणाच्या नजरेला येत नाही. निरोपावरचा धाडणाऱ्याचा पत्ता जसाच्या तसा राहतो. दोन तुकड्यांमध्ये असे दोन गुरखे बसले तर निरोप गोल गोल फिरत राहतो. त्यावरचा उतारा, स्पॅनिंग ट्री, १९८५ मध्ये त्याच कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी काढला आणि हौसेने त्यावर कविताही लिहिली. एक्सपीच्या त्या राइट क्लिकमागेही हाच उतारा आहे.

वाय-फायचं पहिलं मानक, ८०२.११, १९९७ चं. आपल्याकडे २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम २००५ मध्ये आले. तार आणि हवा जोडणारा ब्रिज आता घराघरात आहे: राउटरच्या डबीतला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे तोच. मग लॅपटॉपवरचा ब्रिज का अडखळतो?

पत्त्यांच्या रकान्यांमुळे. इथरनेटच्या निरोपावर दोन पत्ते असतात, धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. लॅपटॉपकडून अ‍ॅक्सेस पॉइंटला जाणाऱ्या वाय-फायच्या निरोपावर तीन: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, लॅपटॉपचा आणि शेवटच्या मुक्कामाचा. 'हा निरोप खरं तर मागच्या डेस्कटॉपचा आहे' हे लिहायला जागाच नाही. डेस्कटॉपचा पत्ता लॅपटॉपच्या जागी घातला, तर ओळख न झालेल्या माणसाला अ‍ॅक्सेस पॉइंट दारातच अडवतो. चौथा रकाना मानकात आहे, पण तो दोन्ही टोकांना चालावा लागतो. लिनक्स तर त्याशिवाय वाय-फाय कार्डाला ब्रिजमध्ये घ्यायला सरळ नकार देतं. मला हा उद्धटपणा आवडतो. निदान तासभर केबल हलवत बसावं लागत नाही.

तेव्हा जुन्या डेस्कटॉपला नुसतं इंटरनेट हवं असेल, तर ब्रिजच्या नादी न लागता 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' चालू करा. त्यात लॅपटॉप सगळे निरोप स्वतःच्या नावावर धाडतो, त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंटची हरकत नसते. फक्त वाय-फायवरचा प्रिंटर मग डेस्कटॉपला आपणहून दिसणार नाही.