हिशेबवह्यांचा पुरावा

व्यापारी, सावकार, पेढी किंवा बँक यांनी ठेवलेल्या हिशेबातील नोंदी देणे-घेणे शाबीत करण्यासाठी न्यायालयात सादर केल्या जातात. हिशेब एका पक्षाने लिहिलेला असतो व त्याचा भार दुसऱ्या पक्षावर पडतो. न्यायाधीश कायदा जाणत असला, तरी जमाखर्चाचा जाणकार असतोच असे नाही. त्यामुळे अशा नोंदींची पारख कशी करावी, हा न्यायदानातील एक जुना प्रश्न आहे.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने तयार केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ ने यासंबंधीचा मूळ नियम घालून दिला. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य असतात. मात्र केवळ त्यांच्या आधारे कोणावरही दायित्व लादता येत नाही. रोजकीर्दीत दररोज क्रमाने लिहिलेली रक्कम पुढे खतावणीत घेतली जाते. त्यामुळे मागाहून केलेला फेरफार बहुधा दोन्ही वह्या ताडून पाहता उघडकीस येतो. तथापि मुळातच खोटी लिहिलेली नोंद अशा पडताळणीतून सुटू शकते. म्हणून पावती, साक्षीदार इत्यादी स्वतंत्र पुराव्याची जोड आवश्यक मानली गेली.

या नियमाची उणीव दख्खनमध्ये दिसून आली. सावकार बहुधा वहीऐवजी कर्जरोख्यावर दावा लावीत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखे वरचेवर नवे करून घेतले जात आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळले जाई. निरक्षर कुळाची निशाणी रोख्यावर असे. तो न्यायालयात हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होई. रोख्यावरील रकमेपैकी प्रत्यक्ष किती हाती पडली, याचा शोध न्यायाधीश सहसा घेत नसे. अखेरीस जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा रोखे, हुकूमनामे व हिशेबाची कागदपत्रे यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली.

सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याने न्यायाधीशाला रोख्यामागे जाण्यास भाग पाडले. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि मुद्दलात चढविलेले व्याज वगळावे, असे त्याने ठरविले. ऋणकोने दावा कबूल केला, तरी ती कबुली खरी असून आपले हक्क जाणून दिलेली आहे, अशी न्यायालयाची खात्री पटणे आवश्यक होते. पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्कही शेतकऱ्यास लाभला.

पुढे बँकांचा कारभार वाढला. मूळ वह्या न्यायालयात अडकून पडू नयेत म्हणून १८९१ च्या अधिनियमाने बँकेच्या वह्यांची प्रमाणित नक्कल ग्राह्य ठरविली. मात्र गौहाती बँकेच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये असा निर्णय दिला, की वादग्रस्त रकमेबाबत अशी नक्कल एकटी पुरेशी नाही. गुंतागुंतीच्या हिशेबांसाठी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने आयुक्त नेमण्याची तरतूद केली. त्याचा अहवाल पुरावा ठरतो. परंतु तो असमाधानकारक वाटल्यास न्यायालय अधिक चौकशी करवू शकते. निर्णयाची जबाबदारी अशा रीतीने न्यायाधीशाकडेच राहते.

जैन हवाला प्रकरणी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद ‘वही’ या संज्ञेत बसत नाहीत, असे सांगून स्वतंत्र पुराव्याची गरज पुन्हा स्पष्ट केली. २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबही कलम ३४ मध्ये अंतर्भूत झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हा मूळ नियम कलम २८ मध्ये कायम ठेवला. त्याच्या कलम ३९ ने तज्ञांच्या मताची कक्षा ‘इतर कोणत्याही क्षेत्रा’पर्यंत वाढविल्यामुळे लेखाशास्त्रज्ञाची साक्ष घेण्यास अधिक स्पष्ट आधार मिळाला आहे. साधने बदलली, तरी नोंद कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केली, हे न्यायाधीशाने तपासावयाचे प्रश्न तेच राहिले आहेत.