धोट्यापासून मैलाटाकीपर्यंत : यंत्र आले, जात गेली का?

‘तंत्रज्ञान आले की जात आपोआप जाईल’ हे वाक्य हल्ली आपल्याच शिकलेल्या मुलांच्या तोंडून ऐकू येते. यंत्राला जात नसते, असे ते म्हणतात. यंत्राला नसेल, पण यंत्राजवळ कोणी उभे राहायचे हे ठरवणाऱ्याला असते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हेच सांगतो.

गिरणी म्हणजे त्या काळचे अत्याधुनिक तंत्रज्ञान. तिथे अस्पृश्य कामगाराला कताईत काम मिळे, पण जास्त मजुरीच्या विणाई खात्याचे दार त्याला बंद होते. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला अस्पृश्याची थुंकी लागली तर सवर्ण कामगार बाटणार! यंत्र परदेशातून आले, विटाळ मात्र इथलाच राहिला. 1928 च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध एकजुटीची भाषा करणाऱ्यांना मजुरा-मजुरांमधली ही भिंत पाडण्याची घाई नव्हती.

मग बाबासाहेब यंत्राच्या विरोधात होते का? मुळीच नाही. 1945 च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. कष्टातून सुटका झाली, फुरसत मिळाली, तरच माणूस पशूच्या पातळीवरून वर येतो. त्यासाठी यंत्र हवेच. यंत्राचा लाभ मूठभरांनाच मिळत असेल तर दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका.

आता आपल्या गावाकडे या. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळची कितीतरी कुटुंबे वसई-विरार पट्ट्यात आली. टॉवर उभे राहिले, त्यांच्या आवारात सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बसली. एप्रिल 2024 मध्ये, भीमजयंतीच्याच महिन्यात, विरार पश्चिमेच्या अशाच एका केंद्रात साफसफाई करताना चार मजूर गुदमरून मेले. प्रक्रिया यंत्राची, पण आत उतरायला माणूस! टाकीत विषारी वायू साचतो. पहिला कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही.

कायदा नाही असे नाही. मैला वाहण्यास बंदी घालणारा पहिला कायदा 1993 चा. दुसरा 2013 चा. तो 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. त्याचे कलम 7 धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यास मनाई करते. कलम 33 गटारांच्या सफाईसाठी आधुनिक तंत्रज्ञान वापरणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवते. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी माणूस उतरवला जातो, कारण ठेकेदाराला यंत्रापेक्षा आपला जीव स्वस्त पडतो. हा जीव स्वस्त कोणी केला? जातीनेच ना?

म्हणून नुसत्या निषेधाच्या पोस्ट टाकून थांबू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. महापालिकेकडे सफाईची यंत्रे किती, खाजगी गृहसंकुलांच्या केंद्रांची तपासणी कोण करतो, ठेकेदारांची नोंद कुठे आहे, मृतांच्या वारसांना पूर्ण भरपाई मिळाली का, हे लेखी विचारा. बाबासाहेबांनी 1935 मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ काढला. वसई-विरारच्या ठेका कामगारांना तशी संघटना देणे हे आपले काम आहे.

जय भीम!